बाबा गप्प का असायचे? एका हॅमरवाल्याच्या आठवणी लिहिताना

हे प्रकरण एका कुटुंबाचं आहे. घरच्यांना विचारूनच लिहितेय आणि ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय. वडील फोर्जिंग शॉपमध्ये, म्हणजे तापवलेलं लोखंड ठोकून त्याला आकार देतात त्या खात्यात, हॅमर नावाच्या ठोकणाऱ्या मोठ्या मशीनवर होते, २२ व्या वर्षी कामाला लागले आणि ५८ ला रिटायर झाले, म्हणजे ३६ वर्षं एकाच खात्यात. वारले तेव्हा ७१ वर्षांचे होते. मागे बायको आणि तीन मुलं, मोठी मुलगी, मग एक मुलगा, मग धाकटा. मोठीत आणि धाकट्यात दहा वर्षांचं अंतर, आणि हे अंतर लक्षात असू द्या कारण सगळा गुंता शेवटी तिथेच सुटला.

मुलांनी ठरवलं की बाबांवर एक छोटी पुस्तिका करायची, नातेवाइकांना आणि नातवंडांना देण्यासाठी. मोठीने बसून मजकूर लिहिला. कष्टाळू, शिस्तीचे, प्रेमळ, कुटुंबासाठी आयुष्यभर झिजले, कधी कोणापुढे हात पसरला नाही, वगैरे. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. पण धाकट्याने वाचलं आणि सरळ सांगितलं की खाली माझं नाव टाकू नका, हा माणूस मला माहीत नाही. त्यावरून बहीणभावात चांगलंच वाजलं, आठवडाभर बोलणं बंद, मधला दोघांची समजूत काढून थकला आणि मग त्याने मला फोन केला. गेलेल्या माणसांबद्दल घरच्यांशी बोलून ते लिहून द्यायचं काम मी करते, त्यामुळे अशी भांडणं नवी नाहीत. बहुतेक घरात ती होतात, फक्त पुस्तिका काढायची नसली की कोणाला दिसत नाहीत.

मी तिघांशी वेगवेगळं बोलले. एकत्र बसवलं की एकजण बोलतो आणि बाकीचे मान डोलावतात किंवा धुसफुसतात, खरं काही निघत नाही. आणि "बाबा कसे होते" हा प्रश्न मी विचारतच नाही, कारण त्याचं उत्तर म्हणून फक्त विशेषणं मिळतात. मी विचारते की घरात शिरल्यावर ते पहिलं काय करायचे, हाक कशी मारायचे, चिडले की काय व्हायचं, तुमच्याशी शेवटचं निवांत कधी बोलले.

मोठीच्या आठवणीतले बाबा गोष्टी सांगणारे. रात्री लाइट घालवून, अंथरुणावर पडल्या पडल्या, राक्षसाचा वेगळा आवाज काढून, राजाचा वेगळा काढून. ती मध्ये मध्ये शंका काढायची आणि ते अंधारातच उत्तर द्यायचे. मधल्याला गोष्टी आठवत नाहीत पण सायकल शिकवलेली आठवते, दुरुस्त्या आठवतात, घरातली कुठलीही वस्तू बाबांनी उघडून परत जोडलेली आठवते, आणि टीव्हीचा आवाज एवढा मोठा ठेवायचे की अभ्यास व्हायचा नाही हेही आठवतं.

धाकट्याचे बाबा वेगळेच होते. हाक मारली तरी न बघणारे. जेवताना मान खाली घालून बसणारे. हळू बोललं तर "काय?" आणि तेच जरा मोठ्याने सांगितलं की "ओरडू नको". घरात सगळे असताना एकटेच पंख्याखाली बसणारे, थंडीतसुद्धा पंखा चालू. तोंडाने हाक न मारता दोन बोटं हलवून बोलावणारे, तेही लांबून, त्याला ते फार अपमानाचं वाटायचं, हुकूम सोडल्यासारखं. आणि रात्री त्याने अंथरुणातून काही विचारलं तर उठून लाइट लावणारे आणि तोंडाकडे एकटक बघणारे. तो म्हणाला, "मला वाटायचं मी खोटं बोलतोय का ते तपासतायत."

त्याची सगळ्यात खोल गेलेली गोष्ट शाळेतली होती. वक्तृत्व स्पर्धेत तो दरवर्षी बोलायचा. एका वर्षी पहिला आला, आणि बाबा आलेच नाहीत, ओव्हरटाइमला गेले. पुढच्या वर्षी आले, हॉलमध्ये मागे बसले, आणि घरी येताना याने विचारलं की भाषण कसं झालं, तर म्हणाले, "छान उभा राहिलास." बस. भाषणाबद्दल एक शब्द नाही. आता तो चाळिशीत आहे आणि हे सांगताना त्याचा आवाज बदलला.

एकाच घरात तीन मुलांना वडील वेगवेगळे आठवावेत यात मला काही विशेष वाटत नाही. १९३२ मध्येच ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी मांडलं होतं की आठवण म्हणजे जपून ठेवलेली नोंद नसते, माणूस दर वेळी ती नव्याने रचतो आणि रचताना आपल्याला अर्थ लागेल अशी करून घेतो. पण या घरातला फरक नुसता असा नव्हता. इथे वर्तनच वेगळं सांगितलं जात होतं. एकीच्या आठवणीत अंधारात गप्पा मारणारा माणूस आणि दहा वर्षांनी त्याच घरात बोलायला लाइट लावणारा माणूस. मधे काहीतरी घडलं असणार. मुलांना मी विचारलं तर त्यांनी आपापली कारणं दिली. मोठी म्हणाली थकायचे फार, मधला म्हणाला वय झालं, धाकटा म्हणाला मी नकोसा होतो.

मग मी तिघांना एकच प्रश्न विचारला, बाबा कामावर नेमकं काय करायचे? तिघांनीही कंपनीचं नाव सांगितलं, शिफ्टची वेळ सांगितली. मोठी म्हणाली लोखंडाचं काम. धाकटा म्हणाला मशीनवर होते. ३६ वर्षांचं काम आणि घरात त्याबद्दल दोन वाक्यं. हे मी इतक्या घरांत पाहिलंय की आता पहिल्याच भेटीत विचारते. जो बाप दिवसाचे बारा तास घराबाहेर राबतो त्याचं बहुतेक आयुष्य घरच्यांनी बघितलेलंच नसतं, त्यांना दिसतो तो शिफ्टनंतर उरलेला माणूस, आणि आपण त्या उरलेल्या माणसावरून सगळा माणूस लिहायला बसतो. त्याला कामावर ज्यांनी पाहिलं ते लोक भेटेपर्यंत मी एक ओळ लिहीत नाही.

आईने एका काकांचं नाव दिलं, हेल्पर म्हणून लागले होते आणि वीसेक वर्षं बाबांच्याच हॅमरवर होते. मधला मुलगा आणि मी त्यांच्याकडे गेलो. दारातच मला पहिली गोष्ट कळली, कारण काकांनी मधल्याला "ये ये, बस" म्हटलं ते दोन बोटं हलवून. मधला एकदम थांबलाच.

काका बोलायला लागले की थांबत नाहीत, फक्त त्यांच्यासमोर बसावं लागतं आणि तोंड दिसेल असं बोलावं लागतं. त्यांनी काम समजावून सांगितलं. भट्टीत लोखंडाचा तुकडा तापवायचा, पोलाद असेल तर साधारण ११०० ते १२०० अंशांपर्यंत, तो पिवळट नारिंगी झाला की सांडशीने धरून डायवर, म्हणजे साच्यावर, ठेवायचा आणि लगेच हॅमर. वेळ काढला तर तुकडा गार होतो, मग तो डायमध्ये नीट भरत नाही, वर डायलाही मार बसतो. म्हणजे सगळं काही सेकंदात, आणि शेजारी दुसरे हॅमर चालू, भट्ट्यांचे ब्लोअर चालू. शेजारच्या माणसाच्या कानाला तोंड लावून ओरडलं तरी ऐकू जाणार नाही. म्हणून सगळं हातावर. दोन बोटं हलवली की ये. तळहात खाली केला की हलका फटका, मूठ दाखवली की पूर्ण, हात आडवा केला की थांब. काका म्हणाले, "तुझ्या बापाचा हात एकदा आडवा झाला की मी पायडलवरून पाय काढायचोच, का ते नंतर विचारायचो. म्हणून माझी दहा बोटं आहेत."

हे वाक्य पुस्तिकेच्या पहिल्या पानावर आहे. कष्टाळू, शिस्तप्रिय हे शब्द मोठीने लिहिले होते तेव्हा कोणाला काही वाटलं नव्हतं, काकांनी बोटं पसरून दाखवली तेव्हा मधला रडला.

कानात काय घालायचात असं मी विचारलं. काका म्हणाले कापूस, नाहीतर चिंधी. नंतर नंतर कंपनीने इअरमफ, म्हणजे कानांवर बसणारी झाकणं, दिले, पण भट्टीच्या उष्णतेत घामाने ते निसटायचे, खाज सुटायची, आणि डायवरच्या फटक्याचा आवाज बदलला की तुकडा नीट बसला नाही हे जुन्या लोकांना कळायचं, ते कानावर काही असलं की कळत नाही असं त्यांचं म्हणणं, म्हणून अर्धा वेळ गळ्यात. यात त्यांचा दोष काढण्यासारखं काही नाही पण हिशोब कठोर आहे. कापसाने जवळपास काहीच अडत नाही. आणि ३० डेसिबल अडवणारं चांगलं साधनसुद्धा शिफ्टमधला निम्मा वेळ काढून ठेवलं तर एकूण फायदा जेमतेम ३ डेसिबलचा उरतो, कारण डेसिबलचं माप सरळ चढत नाही, दर १० डेसिबलला आवाजाची ऊर्जा दहापट होते. अमेरिकेच्या नायॉश या कामगार आरोग्य संस्थेने १९९८ च्या शिफारशीत आठ तासांसाठी ८५ डेसिबलची मर्यादा धरलीय आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन, आणि १०० ला फक्त पंधरा मिनिटं. फोर्जिंग हॅमरजवळचा आवाज १०० च्या वर सहज जातो. बाबा तिथे ३६ वर्षं उभे होते, वर ओव्हरटाइम.

इथपर्यंत माझा अंदाज होता, पुरावा नव्हता. आईकडे जुन्या कागदांची पिशवी होती. पगाराच्या स्लिपा, फीच्या पावत्या, आणि एका प्लास्टिकच्या पाकिटात घडी घातलेला कानाच्या तपासणीचा रिपोर्ट, ऑडिओग्राम. तारखेवरून वय काढलं तर बाबा तेव्हा ४१ चे. कंपनीच्या तपासणीतला नव्हता, स्वतः बाहेर जाऊन पैसे भरून करून घेतलेला. म्हणजे मोठी १६ ची, धाकटा ६ वर्षांचा.

तो रिपोर्ट मी कान तपासणाऱ्या एका तज्ज्ञ, ऑडिओलॉजिस्ट बाईंना दाखवला. त्यांनी कागद हातात घेतला आणि आधी विचारलं, हे कुठल्या आवाजात काम करायचे? ५०० आणि १००० हर्ट्झला, म्हणजे जाड आवाजांना, कान जवळजवळ ठीक. मग रेषा खाली घसरत जाते आणि ४००० हर्ट्झला, म्हणजे बारीक आवाजांना, दोन्ही कानांत ६५ ते ७० डेसिबलपर्यंत खड्डा, म्हणजे आवाज तेवढा मोठा होईपर्यंत ऐकूच येत नाही, आणि ८००० ला परत थोडी वर येते. हा खड्डा म्हणजे आवाजाने गेलेल्या कानाची ओळख. वयाने जाणाऱ्या कानात रेषा अशी वर येत नाही, ती उतरतच जाते. आतल्या कानात प्रत्येक बाजूला आवाज टिपणाऱ्या साधारण पंधरा हजार केसपेशी असतात, माणसात त्या एकदा मेल्या की परत येत नाहीत, आणि मोठ्या आवाजाने पहिल्या मरतात त्या या भागातल्या.

मग बाईंनी जे सांगितलं ते मी तिन्ही मुलांना एकत्र बसवून सांगितलं, या वेळी मुद्दाम एकत्र. स्वर जाड आणि जोरकस असतात, ते ऐकू येतात. स, श, फ, ट, क असली व्यंजनं बारीक आणि दुबळी, ती जातात. त्यामुळे माणसाला कोणीतरी बोलतंय एवढं कळतं पण काय ते कळत नाही, आणि बघणाऱ्याला वाटतं ऐकू तर येतंय, मग लक्ष देत नाही. लहान मुलांचं बोलणं आधीच बारीक, ते सगळ्यात आधी निसटतं. हळू बोललेलं पोचत नाही पण आवाज थोडा चढवला की तो एकदम कानावर आदळतो, कारण बिघडलेल्या कानात ऐकू येणं आणि असह्य होणं यांच्यातली जागाच अरुंद होते. म्हणजे "काय?" आणि "ओरडू नको" हे एकाच माणसाने एकाच मिनिटात म्हणणं यात विक्षिप्तपणा काही नाही. कानात शीळ वाजत राहते, शांततेत जास्त, म्हणून पंखा, म्हणून टीव्ही. जेवताना भांड्यांचा आवाज आणि चौघांचं एकदम बोलणं यातून शब्द वेचणं अशक्य होतं, मग माणूस मान खाली घालतो. आणि अंधारात ओठ दिसत नाहीत म्हणून लाइट. ओठांवरून निम्म्याहून कमीच कळतं, प, ब आणि म तर अगदी सारखे दिसतात, त्यामुळे एकटक बघावं लागतं.

धाकटा काही बोलला नाही. बऱ्याच वेळाने म्हणाला, हॉलमध्ये मागे बसले होते. म्हणजे त्यांना दिसत होतं फक्त.

"छान उभा राहिलास" हे त्यांना जेवढं मिळालं तेवढ्याचं कौतुक होतं, असं मोठी म्हणाली. मला ते पटतं. पण धाकट्याला ते लगेच पटावं अशी घाई मी होऊ दिली नाही.

आता दहा वर्षांच्या अंतराबद्दल. आवाजाने जाणारा कान सगळ्यात वेगाने जातो तो पहिल्या दहा-पंधरा वर्षांत, नंतर वेग मंदावतो. मोठी झाली तेव्हा बाबांच्या नोकरीला तीन वर्षं झाली होती. ती गोष्टी ऐकायच्या वयात होती तेव्हा बाबांचा कान पुष्कळ शाबूत होता, शिफ्टनंतर बधिर व्हायचा असेल, सकाळपर्यंत सुटत असेल. मधला झाला तेव्हा सात. धाकटा झाला तेव्हा तेरा, म्हणजे जे नुकसान व्हायचं ते बहुतेक होऊन गेलेलं. तिघांच्याही आठवणी खऱ्या होत्या. धाकट्याने बोलायला सुरुवात केली त्या काळात बाबांचा कान त्याचं बोलणं पकडायच्या अवस्थेत राहिलाच नव्हता. त्याने इतकी वर्षं हे स्वतःवर घेतलं होतं.

आत्यांना फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या लहानपणी आमचा भाऊ इतका बडबड्या होता की आमची आई त्याला गप्प बसायचे पैसे द्यायची. त्यांना तर तो पुढे गप्प झाला याचं कारण लग्न वाटत आलं होतं. मुलांची आई शेजारीच होती, तिने ऐकलं.

आईला माहीत होतं. तिच्याकडे बघितलं असतं तर आम्हाला आधीच कळलं असतं, कारण ती अजूनही कोणाशीही बोलायच्या आधी दंडाला हात लावते आणि समोर येऊन उभी राहते. मुलांना ती तिची सवय वाटायची. ती म्हणाली, रिपोर्ट आणला त्या रात्री त्यांनी सांगितलं की कोणाला बोलू नकोस. कान गेला हे कळलं तर हॅमरवरून काढून हलक्या कामाला टाकतील, तिथे भत्ता नाही, ओव्हरटाइम नाही, आणि मोठीचं कॉलेज तोंडावर. "मी म्हटलं मुलांना तरी सांगा. म्हणाले मुलं मित्रांत बोलतील. नंतर सगळ्यांना सवय झाली आणि सांगायचं राहूनच गेलं." काकांनीही वेगळं विचारल्यावर हेच सांगितलं, की तिथे सगळेच लपवायचे.

मधल्याने यावर संतापून विचारलं की हे कोणाला माहीतच नव्हतं का. माहीत होतं. १७०० मध्ये इटलीच्या बर्नार्दिनो रामाझिनी या डॉक्टरांनी तांबं ठोकणाऱ्या कारागिरांचे कान जातात हे लिहून ठेवलंय. १८८६ मध्ये ग्लासगोच्या थॉमस बार यांनी बॉयलर बनवणारे शंभर, ओतकाम करणारे शंभर आणि पत्रं वाटणारे शंभर असे लोक घेऊन त्यांचे कान घड्याळाच्या टिकटिकीवर तपासले, आणि बॉयलरवाल्यांची अवस्था सगळ्यात वाईट निघाली. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या सूतगिरण्यांत बायका मागांच्या आवाजात ओठ मोठे हलवून बोलायच्या, त्यांची ती एक भाषाच झाली होती. बाबांच्या खात्यात हातांची झाली. कामगाराच्या कानाची किंमत काय धरायची एवढाच प्रश्न होता, आणि तो भत्त्यात मोजला गेला. मला याचा राग येतो आणि पुस्तिकेत तो एका परिच्छेदात ठेवावा असा आग्रह मी धरला, घरच्यांनी मान्य केला.

पण कानाने सगळं उलगडलं असं मी लिहू दिलं नाही. मोठीला ते हवं होतं. नवं काही कळलं की घरच्यांना वाटतं आता सगळं माफ, सगळं जुळलं. धाकट्याने त्याला विरोध केला आणि त्याचं बरोबर होतं. तो म्हणाला, दुसऱ्या वर्षीचं कळलं, पण पहिल्या वर्षी आलेच नाहीत त्याचं काय? तिथे कानाचा काय संबंध?

बाबांची खिशातली डायरी होती, ओव्हरटाइमचे तास लिहायचे. बऱ्याच नोंदींपुढे कशासाठी ते लिहिलेलं असायचं, फी, चष्मा, सायकल, आईचं औषध. स्पर्धेचं प्रमाणपत्र धाकट्याने जपलं होतं, त्यावर तारीख होती. डायरीत ती तारीख काढली. चार तास ओव्हरटाइम. पुढे काहीच लिहिलेलं नव्हतं. मोठी म्हणाली त्याच्याच ट्रिपसाठी असेल, त्या महिन्यात ट्रिप होती. असेल. पण लिहिलेलं नव्हतं आणि मी ते भरू दिलं नाही. डायरी दाखवते की त्या दिवशी त्यांनी कामावर थांबायचं ठरवलं. का, ते दाखवत नाही. ज्या माणसाने मुलांसाठी स्वतःचा कान घालवला तोच माणूस मुलाच्या एका मोठ्या दिवशी नव्हता, आणि पुस्तिकेत दोन्ही गोष्टी एकाच पानावर आहेत.

मजकूर असा झाला. मोठीच्या मूळ मजकुरातली विशेषणं तिने स्वतःच काढली, कोणी सांगायला लागलं नाही. त्या जागी बाबांची एक शिफ्ट आली, गेटमधून आत शिरण्यापासून अंगावरचं काळं धुऊन बाहेर पडेपर्यंत, काकांच्या शब्दांत. हातांच्या खुणांचा एक तक्ता मधल्याने केला, काकांचे हात फोटोत घेऊन, आता नातवंडं त्या खुणा घरात वापरतात. ऑडिओग्राम छापला, खाली चार ओळीत त्याचा अर्थ. आईने आपल्या बाजूने एक परिच्छेद सांगितला, की मी गप्प राहिले ते त्यांनी सांगितलं म्हणून, पण धाकट्याला तरी सांगायला हवं होतं. तिला तो लिहायला दोनदा विचारलं, कारण छापल्यावर तो सगळे वाचणार होते. ती म्हणाली वाचू देत. धाकट्याने स्वतंत्र पान लिहिलं आणि अट घातली की त्यातला एक शब्दही बदलायचा नाही. त्यात त्याने लिहिलंय की माझे बाबा मला नीट ऐकू शकत नव्हते हे मला चाळीस वर्षांनी कळलं, मी त्यांच्यावर अजून थोडा रागावलेलो आहे, आणि आता तो राग कोणत्या गोष्टीचा आहे हे मला नीट माहीत आहे. खाली त्याचं नाव आहे.

१९९६ मध्ये डेनिस क्लास, फिलिस सिल्व्हरमन आणि स्टीव्हन निकमन या अभ्यासकांनी मांडलं की गेलेल्या माणसाशी असलेलं नातं तोडून पुढे जायचं असतं ही समजूत बरोबर नाही, नातं चालूच राहतं आणि बदलतही राहतं. त्याआधी बराच काळ शोकाबद्दल लिहिणारे बंध सोडवण्यावर भर द्यायचे. मी हे वाचलेलं होतं, पण माणूस गेल्यावर एका मुलाचं त्याच्याशी असलेलं नातं इतकं हललेलं क्वचित पाहिलं. तो आता आईकडे जास्त जातो आणि तिला बाबांबद्दल प्रश्न विचारतो, पूर्वी विषय निघाला की उठून जायचा.

जे लोक वडिलांबद्दल लिहायला बसतील त्यांना माझं एवढंच म्हणणं आहे की त्यांच्याबरोबर काम केलेली माणसं आधी गाठा, कारण तीही म्हातारी होत चाललीत. त्यांना वडिलांचा एक दिवस विचारा, कुठे उभे राहायचे, हातात काय असायचं, काय चुकलं तर काय व्हायचं, कोणाशी भांडायचे, जेवायला कोणाबरोबर बसायचे. अंगावर कामाने काय ठेवून गेलं तेही विचारा, कान, पाठ, गुडघे, फुप्फुसं, डोळे. शिवणकाम करणाऱ्याच्या नजरेत, गाडी चालवणाऱ्याच्या कमरेत, दगड फोडणाऱ्याच्या छातीत असंच काहीतरी असतं आणि घरी ते स्वभाव म्हणून ओळखलं जातं. कागद फेकण्याआधी एकदा बघा, औषधांच्या चिठ्ठ्यासुद्धा. आणि घरातला जो माणूस पुस्तिकेवर नाव टाकायला नकार देतो त्याच्याशी सगळ्यात जास्त वेळ बोला.

काकांना पुस्तिका दिली तेव्हा त्यांनी आणखी पाच मागितल्या, त्यांच्या बॅचमधल्या पाच जणांच्या घरी द्यायला, त्यातले दोघे गेलेत. मग त्यांनी ऑडिओग्रामच्या पानावर बोट ठेवलं आणि विचारलं की माझी रेषाही अशीच असेल का, आणि आता या वयात तपासून काही उपयोग आहे का. मेलेल्या पेशी परत येत नाहीत पण कानाच्या मशीनने बोलणं ऐकू येणं पुष्कळ सुधारतं, सवय व्हायला काही आठवडे ते महिने लागतात, हे मी सांगितलं. त्यांच्या सुनेने लगेच विचारलं कुठे जायचं. मोठीने अपॉइंटमेंट घेतलीय, पुढच्या मंगळवारची, आणि सोबत धाकटा जाणार आहे, त्याने स्वतःहून सांगितलं.